काकांच्या हिरड्या

माझे धाकटे काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. रस्त्याच्या वळणावर त्यांचं चिंचोळं दुकान आहे. आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. भिंतीला पट्टे टांगलेले, खाली डब्यांमध्ये शटल, बॉबिन, स्प्रिंगा, आणि सगळ्याला तेलाचा वास. आळीतली पोरं त्यांना 'का-काका' म्हणतात, कारण काकांना कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचा पहिला शब्द असतो, "का?" एकदा न्हाव्याला त्यांनी विचारलं, डोक्याचे केस आधी पिकतात आणि भुवया मागे राहतात, ते का? न्हावी विचार करत राहिला आणि एका बाजूचे कल्ले जरा जास्तच वर गेले.

मात्र स्वतःच्या तोंडाबद्दल त्यांना कधी काही विचारावंसं वाटलं नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, त्याचा केवढा अभिमान! काम करताना स्क्रू दातांत धरायचे, दोरा दातांनी तोडायचे, पाहुण्यांसमोर अक्रोड फोडून दाखवायचे. ब्रश करताना रक्त दिसलं की म्हणायचे, "ब्रश कडक आहे." दुखत नाही त्याला हात लावू नये, हा त्यांचा नियम. काकू म्हणायची, "जगाच्या पोटात शिरून बघतील, पण स्वतःच्या तोंडात डोकावायचे नाहीत."

काकूची दाढ सुजली, तेव्हा आम्ही तिघं दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने काकूची दाढ बघितली, औषध भरलं, पण तेवढ्या वेळात काकांनी तिला भंडावून सोडलं. खुर्ची वर कशी जाते? ही नळी थुंकी ओढते ती कुठे जाते? या टोकदार आकड्याचं काय काम? शेवटी डॉक्टर हसून म्हणाली, "काका, तुम्हीच बसा. सगळं दाखवते."

काका लगेच बसले. डॉक्टरने त्यांच्या हातात आरसा दिला, आणि एक छोटा आरसा तोंडात धरून खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली. तिथे दात वेगवेगळे दिसतच नव्हते. पिवळट तपकिरी रंगाचा एक सलग बांध होता.

"हे दातच ना?" काकांनी विचारलं.

"नाही, हे कीटण."

"कीटण? मी रोज ब्रश करतो!"

"मऊ असतं तोवर ब्रशने निघतं. राहून गेलं की थुंकीतल्या क्षारांनी दगडासारखं घट्ट होतं. मग कितीही घासा, ते हलत नाही. ते आम्हालाच काढावं लागतं."

"बरं, पण इथेच का? वरच्या दातांना का नाही?"

डॉक्टरने भुवया उंचावल्या. हा प्रश्न तिला सहसा कोणी विचारत नसावं. "जीभ वर करा. इथे खाली बारीक तोंडं आहेत, त्यातून थुंकी येते. ती आधी या दातांवर पडते, म्हणून इथे जास्त. वरती गालाजवळच्या दाढांनाही आहे, तिथेही अशीच तोंडं आहेत."

काकांचा चेहरा असा खुलला, जणू बंद मशीनचा दोष हाती लागला. तिथल्या तिथे दात साफ करायचं ठरलं. यंत्राचा चिरका आवाज, पाण्याचा फवारा, आणि मधूनमधून काकांचा वर होणारा हात. दुखलं म्हणून नव्हे, काय निघालं ते बघायला. जाताना त्यांनी एक तुकडा कागदात बांधून मागून घेतला. दुकानात भिंगाखाली ठेवून ते गिऱ्हाइकांना दाखवू लागले. पडदे शिवणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "अहो, मी सुईसाठी आले होते," आणि सुई न घेताच गेल्या.

संध्याकाळी मात्र काकांचा नूर पालटला. जीभ सारखी खालच्या दातांमागे जात होती. तिथे फटी लागत होत्या. गार पाणी प्यायलं तर झिणझिण्या. त्यात शेजाऱ्याने तेल ओतलं: "साफ करायला गेलं की दात झिजवतात. मग हलायला लागतात."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच काका दारात. "डॉक्टर, तुम्ही माझे दात घासून टाकलेत."

डॉक्टर चिडली नाही. तिने पुन्हा आरसा दिला. "ही फट कालची नाही. कीटणाने ती बुजवली होती आणि त्याच्यामुळेच हिरडी सुजून खाली सरकली होती. दाताचा हा भाग बरीच वर्षं झाकलेला होता, आता त्याला पहिल्यांदा गार लागतंय. थोड्या दिवसांत शांत होईल."

काकांनी खिशातून दोरा काढला, दातांच्या कडेवरून फिरवून बघितला. कुठेही अडकला नाही, तुटला नाही. "गुळगुळीत आहे," ते पुटपुटले आणि मुकाट्याने घरी आले. झिणझिण्या खरंच गेल्या. ब्रशला लागणारं रक्तही गेलं, ब्रश तोच असून.

आणखी एक गंमत झाली. काकू कित्येक वर्षं खिडकीकडे तोंड करून झोपायची. आता ती काकांकडे कूस बदलून झोपू लागली. काका म्हणाले, "मला वाटायचं, तुला वारा लागतो म्हणून तू तिकडे तोंड करतेस."

"वाराच लागायचा," काकू म्हणाली, "पण खिडकीतला नव्हे."

काका दोन दिवस तोंडासमोर हात धरूनच बोलले. मग दर सहा महिन्यांनी नेमाने दवाखान्यात जाऊ लागले. परत कीटण आलं का, किती आलं, कुठे आलं, हे बघायची त्यांना उत्सुकताच लागली होती. दर वेळी कमी निघायचं आणि काका थोडे हिरमुसायचे.

अशी काही वर्षं गेली. एकदा मात्र डॉक्टरने तोंडात आरसा धरला आणि दिवा आणखी जवळ ओढला. कीटण फारसं नव्हतं, पण हिरड्या लालभडक, फुगलेल्या. आकड्याचं टोक लागताच रक्त.

"ब्रश करताय ना?"

"तुम्ही सांगितलं तस्साच."

"तहान जास्त लागते का हल्ली? झोपेतून लघवीला उठावं लागतं?"

काकांनी काकूकडे बघितलं. काकूने मान हलवली. "सारखे उठतात. मी म्हटलं, वय झालं."

"रक्तातली साखर तपासून घ्या. उद्याच जा."

तपासली. चांगलीच वाढलेली निघाली. काकांनी त्या दिवशी कुणाला काही विचारलं नाही, आणि त्याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटली. दुकानही त्यांनी उशिरा उघडलं. मोठ्या डॉक्टरकडे जाणं झालं, गोळ्या सुरू झाल्या, पहाटेचं चालणं सुरू झालं.

पुढच्या खेपेला दातांच्या खुर्चीत बसल्यावर त्यांना कंठ फुटला. "डॉक्टर, तोंडात बघून रक्तातलं कसं कळलं?"

"साखर वाढली की हिरड्यांना जंतूंशी लढता येत नाही. पण खरं सांगू? मला तुमच्या हिरड्या कशा असतात ते माहीत होतं, म्हणून कळलं. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदाच आला असतात, तर मी म्हटलं असतं, घाण साठलीय, साफ करू. आणि पाठवून दिलं असतं."

काकांनी खुर्चीत मान मागे टेकवली. मग आरशासाठी तोंड उघडण्याआधी म्हणाले, "तुमचे दात कोण साफ करतं?"

"आमचे सर."

"आणि सरांचे?"

"मी."

काका इतके हसले की डॉक्टरला थांबावं लागलं.

आता त्यांची साखर आटोक्यात आहे आणि हिरड्या गुलाबी. दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणारी काकूही त्यांच्याबरोबर दात साफ करून घेते. तिचा नंबर ती आधी लावते. काका आधी बसले, तर त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिला घरी जायला अंधार होतो.