डोंगरमाथ्यावर सापडलेला रोहू

मंडळी, आज पार दमलेय. पायानं नाही, डोक्यानं.

वडवणीजवळच्या डोंगरावर एक पाणवठा आहे. पाणी पिताना जनावरांचा डीएनए त्यात उतरतो. ते पाणी गाळून तपासलं की कोण येऊन गेलं ते कळतं. हेच माझं काम. तिथला नमुना घेतल्यावर दोन महिन्यांनी आज रिपोर्ट आला. कोल्हा नाही, तरस नाही. रोहू आणि कटला! डोंगरमाथ्यावर मासे?

दुपारी तशीच वर गेले. टँकरवाले रशीदचाचा तिथंच पाणी सोडत होते. त्यांना नमुन्यात मासे निघाल्याचं सांगितलं.

"आवो, तवा मीच आदल्या दिशी काठोकाठ भरलं, खालच्या मासळीच्या तलावाच्या पाण्यानं," ते म्हणाले. "तुमी येनार म्हनल्यावर कोरडं कसं ठिवायचं? तसं उन्हाळाभर टाकतोच. मुकी जनावरं हायेत, जातील कुठं?"

निघताना ओल्या काठावर तरसाचे ताजे ठसे दिसले.

नमुना चोख हवा तर चाचांना सांगावं लागेल, पंधरा दिवस नवं पाणी टाकू नका. तासभर फोन हातात धरून बसलेय. तुम्ही लावला असता?