दारात आलेली बाई

पालीचा बन्सी आरोग्य खात्यात डासांचा माणूस. घरोघर जायचं, रांजणात बॅटरी मारायची, अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायचं आणि बायांच्या शिव्या खायच्या. बावीस वर्षं लोकांच्या घरात डोकावून झाल्यावर त्याला वाटलं, आता आपण सिनेमा लिहावा. म्हणून त्यानं बीडला रविवारचा पटकथेचा वर्ग लावला. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापलं वाचायचं आणि निवडलेल्या एकाच पटकथेचं खरंखुरं शूटिंग होणार. ती एक आपलीच असावी म्हणून बन्सीची झोप उडाली होती.

पहिल्या पानावर सिनेमाचा प्रकार लिहायचा, असा अभिमन्यू सरांचा दंडक. बन्सीनं ठळक लिहिलं, भयपट. भुताला दागिने लागत नाहीत, गाणं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी भागतं, हा त्याचा हिशेब.

गोष्ट अशी, की भर दुपारी केस सोडलेली एक बाई दारात उभी राहते आणि घरातली म्हातारी किंचाळते. एवढं त्यानं आईला वाचून दाखवलं. जाईबाई लसूण सोलत होती.

"कावून किंचाळली ती?"

"भूत हाय ते, आई."

"आपल्यात भूत मानीत न्हाईत. तुझ्या आज्यानं घरातले देव बिंदुसरा नदीत सोडले, ते काय भुतं ठिवायला? भूत न्हाई म्हणल्यावर ती बाईच. उन्हाची आलीय, पाणी दे तिला."

बन्सीनं लई वाद घातला. पण जिथली गोष्ट तिथल्यासारखीच माणसं वागली पाहिजेत, हे सरांचं वाक्य त्याच्या डोक्यात अडकलेलं. त्यानं पाणी दिलं. पाणी दिल्यावर गाव विचारणं आलंच. भूत म्हणालं, युसूफ वडगाव. तेवढ्यात चुलीपुढून बायको माया ओरडली, कोणाच्या घरची ते इचारा, माझी मावशी तिथंच दिलीय. चौथ्या पानावर भूत चटईवर बसलं होतं आणि म्हातारी त्याला सुनेची गाऱ्हाणी सांगत होती.

रविवारी बन्सीनं आवाज खोल काढून वाचायला सुरुवात केली. "कोणाच्या घरची गं तू?" या वाक्याला पुढची रांग फिसकन हसली. भूत उठायला बघतं आणि म्हातारी त्याचा हात धरून "बस, च्या टाकलाय" म्हणते, तिथवर तर सर चष्मा काढून डोळे पुसत होते. बन्सीचे कान लाल झाले. वाचन संपताच कागद पिशवीत कोंबून तो थेट पालीला आला आणि आपल्याच्यानं हे होत न्हाई म्हणून अंगणात बसून राहिला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. त्याची पटकथा निवडली होती. फक्त भयपट खोडून विनोदी लिहायचं.

"सर, मला घाबरवायचं होतं हो," बन्सी म्हणाला.

"घाबरलो ना बन्सीभाऊ. ती म्हातारी हात सोडत नाही, तिथं मला माझी आत्या आठवली."

बन्सीला पहिल्यांदा हसू आलं. त्यानं पहिल्या पानावरचा शब्द खोडला आणि वर विनोदी लिहिलं. मग घरात जाऊन निवड झाल्याचं सांगितलं. जाईबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"नुसत्या च्यावर बोळवलीस व्हय रे तिला? जेवली का न्हाई?"

बन्सीनं पुन्हा पेन काढला आणि पाचवं पान घेतलं.