मटणाबरोबर पांढरी

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका हॉटेलात ऋतुजा मेटकरीला लागून सात वर्षं झाली होती. त्यातली पहिली चार तिनं टेबलं मांडण्यात आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेण्यात काढली. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बारावीनंतर तिनं सोलापुरात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेतला तेव्हा तिचे वडील धुळाप्पा एवढंच म्हणाले होते, "लोकांस्नी जेवू घालायचं शिक्षण हाय. वाईट न्हाय."

वाइनशी तिची ओळख झाली ती ड्यूटीचा भाग म्हणून. हॉटेलच्या मालकीणबाई चेतना यांनी वाइनचा परवाना काढला आणि नाशिकहून एक प्रशिक्षक दोन दिवसांसाठी बोलावला. बाकीच्यांनी ते दोन दिवस सुट्टीसारखे घालवले. प्रशिक्षकानं सोव्हिन्यों ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनचा पेला फिरवला आणि कशाचा वास येतो ते विचारलं. हातातल्या कागदावर 'गूसबेरी' असं एका विलायती आंबट फळाचं नाव छापलेलं होतं, म्हणून सगळे एका सुरात गूसबेरी म्हणाले. ऋतुजानं पेल्यात नाक घातलं.

"कच्चा पेरू," ती म्हणाली. "आणि आत्ताच कापलेलं गवत."

प्रशिक्षकानं कागद बाजूला ठेवला आणि तिला पुढच्या रांगेत बोलावलं.

तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नाही. शेळीनं कडुलिंबाचा पाला खाल्ला की दूध कडसर लागतं, हे तिला चौथीतही कळायचं. रान बदललं की चव बदलते. द्राक्षानं वेगळं का वागावं? मग ती शिकतच गेली. कॅबर्ने ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची, जाड सालीची, म्हणून तिच्या वाइनमध्ये तोंड आवळणारा तुरटपणा. शेनिन ब्लाँ त्याच देशातल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, पण नाशिककडच्या मळ्यांत चांगली रुळलेली. सांजोव्हेसे इटलीची, आणि तिची लागवड आपल्या अकलूजच्या बाजूलाही आहे हे वाचून ती एकटीच हसली. अकलूज म्हटलं की तिला ऊसच आठवायचा. दोन वर्षांत तिनं ऑनलाइन दोन परीक्षा दिल्या. घरी आई विचारायची, "रोज पितीस का गं?" त्यावर ती सांगायची, "चाखून थुकायचं असतंय आये. पिऊन शुद्धीत कोण राहील?"

यंदा चेतनामॅडमनी ठरवलं की एका रविवारी दुपारी चाळीस पाहुण्यांना जेवण द्यायचं. पदार्थ सगळे सोलापुरी, आणि प्रत्येकाबरोबर एक वाइन. कुठल्या ताटाला कुठली बाटली, हे ऋतुजानं ठरवायचं. तिनं पंधरा दिवस आधी यादी करून दिली. मुख्य पदार्थ काळ्या मसाल्याचं मटण, त्याच्यासोबत कॅबर्ने. लाल मांसाला लाल वाइन, असंच सगळीकडे लिहिलेलं होतं.

त्या रविवारी सकाळी दहा वाजता मटण शिजलं. मुख्य आचारी कुमार चिलवेरी सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, हाताला भारी चव असलेला, पण तितकाच हट्टी. त्यानं वाटीत रस्सा दिला. ऋतुजानं एक घास खाल्ला, वर कॅबर्नेचा घोट घेतला आणि तिच्या कानशिलांतून वाफ निघाली. तुरटपणानं तिखट दुप्पट झालं होतं. मटणाची चव गेली, वाइनचीही गेली, उरली नुसती आग.

"कुमारदादा, तिखट निम्मं करता येईल?"

"निम्मं?" कुमारनं डाव खाली ठेवला. "सोलापूरची माणसं येणार आहेत जेवायला. मटण आहे की वरण आहे म्हणून विचारतील मला. वाइन बदल तू. मी मटण बदलणार नाही."

ऋतुजाला राग आला, पण तो कुमारचा नव्हता. चूक तिची होती. पुस्तकातली ओळ तिनं न चाखता उचलली होती. लिहिणाऱ्यानं काळा मसाला कुठं खाल्ला होता? ती कोठीत गेली आणि थंड करायला ठेवलेल्या बाकीच्या चारही जातींच्या बाटल्या घेऊन आली. एक घास, एक घोट, पाण्यानं चूळ, पुन्हा घास. शिराझ, तीही लाल, जड पडली. सांजोव्हेसे बरी, पण तिखटापुढं टिकेना. सोव्हिन्यों नुसतीच आंबट लागली. शेवटी पांढरी शेनिन ब्लाँ, किंचित गोडसर, बर्फासारखी गार. घोट खाली उतरला तसं तिखट शहाण्यासारखं मागं सरकलं आणि मसाल्यातलं भाजलेलं खोबरं जिभेवर पुढं आलं.

तिनं कुमारला तोच घास, तोच घोट दिला. त्यानं वाटीतला उरलेला रस्साही संपवला.

"मटणाबरोबर पांढरी," तो अखेर म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. खाल्ल्यावर हसणार नाहीत. आणि कॅबर्नेसाठी मला बरगडीचे तुकडे द्या. नुसतं मीठ, लसूण, मिरपूड. निखाऱ्यावर. चरबी काढायची नाही."

रानात मेंढरू कापलं की धुळाप्पा तसंच भाजायचे, दुसरं काही न घालता. कुमारनं मान हलवली आणि कोळसे पेटवायला सांगितले.

दुपारी पाहुणे जमले. सगळंच काही साधलं नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरीसोबत तिनं सोव्हिन्यों ठेवली होती. शेंगदाण्याच्या तेलानं ती पार बेचव झाली, आणि निम्मे पेले तसेच परत आले. ऋतुजानं सरळ सांगून टाकलं, "ही जोडी माझी चुकली. हिच्याबरोबर ताकच बरं." लोक हसले, ताक मागवलं गेलं आणि दालनातला ताण गेला.

मग मटण आलं. पहिल्याच टेबलावर बसलेले निवृत्त डॉक्टर गोपाळराव युरोप फिरून आलेले होते. गार पांढरा पेला बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"बाळ, मटणाला रेड वाइन देतात. तुम्हाला शिकवलं नाही?"

"शिकवलं ना सर," ऋतुजा म्हणाली. "म्हणून दोन्ही आणल्यात. आधी लाल घ्या, मग पांढरी. जी आवडेल ती मी भरते."

त्यांनी रश्श्यावर लाल घेतली आणि रुमाल कपाळावर गेला. पांढरी घेतली, थांबले, पुन्हा घास घेतला. मग पांढरा पेला पुढं सरकवला. शेजारच्या टेबलांवरूनही पांढरीच मागितली जाऊ लागली. बरगडी आली तेव्हा मात्र तिनं कुणाला विचारलंच नाही. कॅबर्ने ओतत गेली. चरबी आणि मिठानं त्या वाइनचा तुरटपणा लोण्यासारखा मऊ झाला होता. गोपाळरावांनी हाड चोखत विचारलं, "हे कुणाच्या पुस्तकात आहे?"

"आमच्या वडलांच्या," ती म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

सोमवारी चेतनामॅडमनी तिला ऑफिसात बोलावून हॉटेलचं वाइन कार्ड नव्यानं लिहायला सांगितलं, मराठीत. ऋतुजानं अट घातली: प्रत्येक जोडी आधी चाखणार, मगच छापणार, आणि कुमारदादाची सही लागेल. कुमार म्हणाला, "सही कशाला, मी काय तहसीलदार आहे?" पण केली.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिनं गावी फोन लावला.

"आबा, औंदा हुरडा भाजायचा हाय का?"

"भाजायचा की. ज्वारी लई झ्याक आलीया. येतीस का?"

"येते. पण संगं तीन बाटल्या घेऊन येते. कुटली हुरड्याला जमतीया ते बगायचं हाय."

मग धुळाप्पा म्हणाले, "तीन न्हाय, चार आण. हितं बगणारी माणसं लई हायती."