साहेबांचं पाणी

“यल्ला, आधी मला पाणी दे.” सुनावणीला आलेल्या माणसाला साहेबांचं पहिलं वाक्य हेच. यल्ला म्हणजे चल, आटप. टेबलावर काचेचा मोठा जग, शेजारी पेला. समोरचा बिचारा घाईघाईनं उठून ओतून द्यायचा. साहेब ते पाणी कधी प्यायचे नाहीत.

तुम्हाला वाटेल, मोठ्या माणसाची लहर. मलाही आधी तसंच वाटलं. मी दुबईतल्या त्या ऑफिसात दुभाषी. कामावर जखमी झालेल्याला भत्ता नाकारला की तो अपील करायचा आणि ते ऐकायचे आमचे साहेब. ते अरबीत विचारायचे, मी हिंदी-मराठीत सांगायचे. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा माझ्या कामाचा नियम.

साहेब तसे प्रेमळ हो! खजुराचा डबा आधी शिपायापुढे धरायचे. माझ्या लेकीच्या परीक्षेची चौकशी तर माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त करायचे. फक्त खोटारड्यांचा त्यांना भयंकर राग. “कागद कुणीही आणतो, हात खोटं बोलत नाही,” म्हणायचे. ज्या हाताची तक्रार त्याच हातानं माणसानं जग उचलला, की “खलास” म्हणून अपील फेटाळायचे. मग भत्ता नाही, काम नाही, व्हिसा रद्द, माणूस गावी. त्यामुळे या पाण्याची गोष्ट बाहेर बाकावर बसलेल्यांना कधी कळलीच नाही.

मग एकदा यासीन आला. श्रीवर्धनचा, राहायला मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात, शटरिंगचं काम. वरून फळी पडून उजवा खांदा निकामी झालेला. बाहेर मला म्हणाला, “आपा, भत्ता मिळाला तर इथंच ऑपरेशन होईल. नाहीतर हा हात गेलाच समजा.” मला काही सांगायची परवानगी नव्हती.

आत गेलो. “यल्ला, आधी मला पाणी दे.”

यासीननं डावा हात पुढे केला. जग धरलाही. शाबास पोरा, उचल तसाच, मी मनात म्हटलं. आणि मेल्यानं हात मागे घेतला! उजव्यानं उचलला. एवढ्या एसीत कपाळावर घाम, ओठ दातांखाली. पेला भरला, थेंब सांडला नाही. साहेबांनी पेन उचललं.

“खलास.”

यासीन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “मोठ्या माणसाला डाव्या हातानं कसं देणार, आपा?”

बोलला! खोलीत बोलला! मी शब्दन् शब्द अरबीत सांगितला. आवाज चढला माझा, चढू दे.

साहेबांचं पेन थांबलं. ते स्वतः डाव्या हातानं कुणाला खजूरसुद्धा देत नसत. उठून आले, यासीनच्या खांद्यावर नुसती बोटं टेकवली. तो कळवळून खालीच बसला. अपील मंजूर झालं.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, “आधीच्यांनीही असंच ओतलं असेल?”

“ते काही बोलले नव्हते, साहेब.”

“परत बोलावता येईल त्यांना?”

“कुठून बोलावणार? गेले सगळे.”

दुसऱ्या दिवसापासून साहेब ऑफिसात आले नाहीत. कुणी म्हणालं आजारी, कुणी म्हणालं स्वतःच सोडलं. मला मात्र अधूनमधून त्यांचा फोन येतो. हालहवाल नाही, लेकीची चौकशी नाही. ज्यांची अपिलं फेटाळली त्यांची गावं विचारतात, एकेक लिहून घेतात. मला आठवेल ते मी सांगते.

“म्हसळा,” परवा मी म्हणाले.

“म्हस...ळा,” ते अडखळत म्हणाले. “बरं. आणि पुढचं?”