पायाळूची लेक

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीहून आत जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. तिथे माझ्या पायांना मान होता. धानाच्या रोवणीचे दिवस आले की दिवसभर चिखलात वाकून कमरेत चमक भरलेल्या बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन पालथ्या पडायच्या आणि मी त्यांच्या कमरेला पायाने हळूच टोला द्यायची. “हाव, उतरली वं,” म्हणत त्या उठायच्या, खरंच उतरली असो वा नसो. आभाळ गडगडायला लागलं की त्याच बाया मला धानाच्या बांधीतून हाकलायच्या. पायाळूवर वीज पडते म्हणे. मला दोन्हींची सवय झाली होती.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता. मी उशिरा चालायला लागले आणि लागले तीच लंगडत. शाळेत पोरं माझी चाल करून दाखवायची. घरी येऊन मी आईला विचारायची, की माझा पाय असा काऊन? आई उठून कामाला लागायची. पुढे मीही विचारणं सोडलं.

शिकून मी शिक्षिका झाले. लग्न होऊन बल्लारपूरला आले. नवरा कोळसा खाणीत, मी जवळच्या गावातल्या शाळेत. दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. सातव्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाळ बसलेलं आहे. डोकं वर, बूड खाली. काळजी नको, अजून जागा आहे, फिरेल.”

मला आधी हसू आलं. आईवर गेलं, म्हटलं. बाहेर येऊन स्कूटरवर बसल्यावर मात्र नवऱ्याला म्हटलं, “थोडं थांब, लगेच चालू नको करू.” तो किल्ली हातात धरून थांबला.

त्यानंतर मी रोज पोटावर हात ठेवून डोकं शोधायची. बरगडीखाली उजवीकडे एक टणक गोळा लागायचा. तो हलायचा, पण जागा सोडायचा नाही. नववा लागला तरी बाळ तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण आता आमच्या गावाहून दवाखाना गाठणं कुणालाच पटेना. शेवटी आईच बल्लारपूरला आली, पिशवीत तांदूळ, जवस आणि मला लहानपणी गुंडाळायचं ते मऊ लुगडं घेऊन.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला नीट समजावून सांगितलं. स्वतःचे दोन्ही तळहात जवळ आणून त्यांनी बाळ कसं बसलंय ते दाखवलं. पाय सरळ वर, पावलं थेट तोंडाशी.

“डोकं हा बाळाचा सगळ्यात मोठा भाग,” त्या म्हणाल्या. “ते आधी निघालं की मागचं अंग सहज येतं. इथे अंग आधी येणार आणि डोकं शेवटी. ते अडकलं तर बाळ गुदमरतं. कधी नाळ आधी खाली सरकते. म्हणून आपण कळा सुरू व्हायची वाट बघत बसायचं नाही.”

“माझं काही चुकलं का? शाळेत दिवसभर उभी असते मी.”

“छे. काही बाळं फिरत नाहीत. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही.”

“मी पण अशीच जन्मले होते.”

त्यांनी मान वर केली. मी आत येताना कशी चालत आले हे त्यांनी पाहिलं असणार. “आईवडिलांपैकी कुणी असं जन्मलेलं असलं तर शक्यता थोडी वाढते,” त्या म्हणाल्या. “पायाचं कधी कुणाला दाखवलं होतं?”

“नाही.”

त्यांनी ते कागदावर लिहिलं. म्हणाल्या, की पोटावरून हातांनी बाळ फिरवून बघता येईल. ते दवाखान्यातच करायचं, बाळाचे ठोके तपासत, ऑपरेशनची तयारी ठेवून. फिरलं तर बरंच, नाही तर ऑपरेशन.

घरी आल्यावर हे आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने बांगड्या कोपराकडे मागे सारल्या आणि म्हणाली, “हात लावू देऊ नको.”

“अगं, डॉक्टर आहेत त्या.”

“कोनी पन असो. पोटातल्या लेकराले हात लावू देऊ नको, मी सांगून राह्यली तुले.”

आणि मग इतक्या वर्षांत न बोललेलं ती बोलली. माझ्या वेळी कळा सुरू होऊन एक दिवस उलटला होता. दाई घरी होती. पाय दिसले तेव्हा दाई म्हणाली, थांब, घाई करू नको, आपोआप येऊ दे. पण आईला धीर निघेना.

“मीच म्हनलं तिले, ओढ वं, ओढ, मरून राह्यली मी. ते नाई म्हने. मी तिचा हात धरला. मंग तिनं ओढलं.” आई भाजीकडेच पाहत होती. “तू निळी पडली होती. रडली, तवा सगळ्यायले आनंद झाला. पन तू चालाले लागली आन् मले समजलं. तुह्या पायाची खोट माह्याच हातची हाय.”

“तसं नसतं गं,” मी म्हटलं. पण तसं नसतं हे मला तरी कुठे माहीत होतं? ती उठली आणि भाजी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात सोबत नेलं. वाटलं होतं, तिचा प्रश्न मला विचारावा लागेल. पण माझी तपासणी झाल्यावर आईच टेबलाजवळ गेली. बसा म्हटलं तरी बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, दाईचा हात धरल्यासकट, आणि विचारलं, “ओढल्यानं पाय गेला ना हिचा?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “जन्मल्यावर पाय सुजला होता का? हात लावला की रडायची?”

“नाई. पाय तं चांगली झाडत होती.”

“चालायलाच उशीर झाला?”

“हाव. आन् चालली ते लंगडतच.”

“मग ओढताना हाड मोडलं असं वाटत नाही. मोडलं असतं तर सूज आली असती, पाय हलवला नसता. एक्स-रे फोटो काढल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही. पण बाळ पोटात असं बसून असलं, की मांडीचं हाड कधी कधी खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही. मुलींमध्ये जास्त. पहिल्या महिन्यांत लक्षात आलं तर साध्या पट्ट्याने सुधारतं. तेव्हा तुमच्याकडे तपासायला कुणी नव्हतं.”

“म्हंजे ओढलं नसतं तरी?”

“बहुतेक तरीही.”

आई आता खुर्चीवर बसली. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग इकडेतिकडे पाहत तिने विचारलं, “प्याले पानी कुठी भेटते?” मी तिला बाहेर नेलं. नळाशी ती बराच वेळ ओंजळीने पाणी पीत राहिली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. परत आत आल्यावर तिने डॉक्टरबाईंना स्वतःच विचारलं, “कवा फिरवता मंग लेकरू?”

बाळ काही फिरलं नाही. एक इंजेक्शन दिलं, पोट सैल झालं, डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी दाबत बाळाला कलवलं. दुखत होतं. वरचा टणक गोळा सरकत पार कुशीपर्यंत आला. पण हात काढताच बाळ फिरून आपल्या जागी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ठोके थोडे मंदावले आणि त्यांनी लगेच थांबवलं. ठोके सावरेपर्यंत नर्सबाईंसकट सगळ्या जणी त्या यंत्राच्या आवाजाकडे कान लावून होत्या. “हट्टी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आपण आहे तिथूनच काढू.” ऑपरेशनचा दिवस ठरला.

मुलगी झाली. तिला माझ्याजवळ आणलं तेव्हा तिचे पाय कानांपाशी होते. खाली केले की पुन्हा वर जायचे. पोटात इतके दिवस ती तशीच बसली होती, तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. वॉर्डातल्या बायांची चर्चा रंगली. पोट चिरून काढलेली, तर हिला पायाळू म्हणावं की नाही? एक म्हणाली, आधी बूडच आलं असंल, तं पायाळू. दुसरी म्हणाली, वाटेनं आलीच नाई, तं कायची पायाळू? माझ्या सासूबाई म्हणाल्या, “काही म्हना, पन जेवन करा आधी.”

बाळांचे डॉक्टर तिला तपासायला आले. त्यांनी तिच्या दोन्ही मांड्या धरून हलकेच बाहेर फाकवल्या, आत आणल्या. डाव्या बाजूला ते थांबले. पुन्हा केलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. “थोडं सैल वाटतंय,” ते म्हणाले. “काही आठवड्यांनी सोनोग्राफी करू.”

सोनोग्राफीत खुब्याची वाटी उथळ दिसली आणि पट्टा लागला. छातीवरून, खांद्यावरून आलेल्या मऊ पट्ट्या पायांना धरून ठेवायच्या आणि बाळ बेडकासारखं पाय फाकवून पडून असायचं. रात्रंदिवस ठेवायचा, काढायचा नाही. मी रडले. आई रडली नाही. गावी कापणीला आलेलं धान तिने वडिलांवर सोडलं आणि ती राहिली. पट्टा न काढता दुपटं कसं बदलायचं, ओल्या फडक्याने अंग कसं पुसायचं, हे ती माझ्याआधी शिकली. शेजारची म्हातारी तेल घेऊन आली आणि म्हणाली, पोरीचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळा, नाही तर वाकडे राहतील. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“इच्या पायाले हात लावू नका, बाई. पाय असेच पाह्यजे. डागदरानं सांगतलं.”

“आमच्यात तं सगळ्याच पोरायचे पाय ओढतो.”

“ओढत असान. इचे नाई ओढाचे.”

म्हातारी चहा पिऊन गेली. तेलाची बाटली तशीच राहिली. आईने ती स्वतःच्या गुडघ्यांना लावून संपवली.

अधूनमधून तपासणी होत गेली. खुब्याची वाटी भरत होती. एका तपासणीत डॉक्टरांनी पट्टा सोडवला आणि पुन्हा बांधलाच नाही. “वर्षाचं झालं की एक फोटो काढू. आता आंघोळ घाला हिला.”

थंडी होती. नवऱ्याने अंगणात उन्हात पाणी ठेवलं. आई पाटावर पाय पसरून बसली, मुलीला पायांवर निजवून तिने पहिला तांब्या ओतला. मुलगी क्षणभर दचकली. मग तिला आपले पाय सापडले. ती दोन्ही पाय एकाच वेळी आपटायला लागली, इतक्या जोरात, की आईचं पातळ, पोलकं, केस सगळं भिजलं.

“अवं, थांब ना वं,” आई म्हणत होती, पण पाय धरत मात्र नव्हती.