अण्णांची वाईनची वही

आमचे अण्णा वाईन प्यायचे.

हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा डिलीट केलं. आता काकूंची, म्हणजे अण्णांच्या मिसेसची, परवानगी आहे, म्हणून ठेवतो.

अण्णांना जाऊन आज एक वर्ष झालं.

अहमदपूरच्या आसपास ज्याची ज्याची पाण्याची मोटार जळली, तो त्यांना ओळखतो. त्यांचं वायंडिंगचं दुकान. शेजारी खलीलभाईंचं वेल्डिंग. समोर फ्लेक्सचं दुकान, तिथे मी टायपिंग करतो.

मोटार उघडायच्या आधी अण्णा ती हुंगायचे. नुसत्या वासावरून सांगायचे, ही कोरडी चालवली, हिला व्होल्टेज कमी पडलं. आणणारा बघतच राहायचा.

असं नाक असलेल्या माणसाला एका गिऱ्हाइकाने नाशिकहून येताना वाईनची बाटली आणून दिली.

बाटलीला बूच. ओपनर आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. अण्णांनी बुचात लाकडाचा स्क्रू पिळला आणि मोटारीचं बेअरिंग ओढायचा पुलर लावला.

"बेअरिंगपेक्षा सोपं हाय," म्हणाले.

तेव्हापासून महिन्याला एक बाटली. तांब्याची तार आणायला ते नांदेडला जायचेच. येताना दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची, परवडणारी एक वाईन तारेच्या पोत्यातून यायची. इथे घेतली असती तर बाटलीच्या आधी बातमी घरी पोहोचली असती.

एक बाटली चार रविवार पुरवायची. दुपारी शटर अर्धं खाली. चहाचे ग्लास. भाजलेल्या शेंगा.

पिणारे आम्ही दोघंच. खलीलभाई घेत नाहीत. पण त्यांचं म्हणणं, "पीता नई, पर नाक तो मेरी भी है." फक्त वास घेऊन मत द्यायचे आणि बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघायचं.

नोंदी लिहायचं काम माझ्याकडे. शाळा माझी नववीलाच सुटली. पण अण्णा म्हणायचे, फ्लेक्सवर वेलांटी चुकली तर तुला जेवण जात नाही, तूच लिही.

पहिल्याच रविवारी मी बाटलीवरचं इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि वहीत लिहिलं: ओक लाकडाचा गंध.

"ओक बघितलास का कधी?" अण्णांनी विचारलं.

नाही म्हणालो.

"मग खोड ते. बाभूळ बघितलीस ना? बाभळीचं बोल."

त्यानंतर आमच्या नोंदी अशा:

पांढरी, लांब मानेची. आधी कच्चं बोर, मग भिजलेला कडबा. खलीलभाईंच्या मते कोऱ्या वहीचा वास.

गुलाबी. लग्नातलं सरबत. पाहुण्यांना द्यावी, आपण घेऊ नये.

लाल, चिमणीच्या चित्राची. गूळ कमी पडलेलं चिंचेचं सार. दुसऱ्या ग्लासात गूळ सापडतो.

माझी पाळी आली की मला घाम फुटायचा. चुकलं तर? अण्णा म्हणायचे, "आरं, वासात कुणी नापास करतंय का?"

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून लातूरला नेत होतो. वाटेतच गेले.

वही माझ्याकडे राहिली.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांची कसली तरी वही तुझ्याकडं हाय म्हणं, आणून दे.

माझं धाबं दणाणलं. कारण त्या वहीत एक नोंद थेट काकूंवर होती. अण्णा गेल्यापासून त्या मला घरचाच समजतात. सणाला माझं ताट वाढून ठेवतात. ती नोंद वाचून मनातून उतरलो, तर ते घर मला परत मिळणार नव्हतं.

मी दोन दिवस बसून नवी वही केली. सगळं सुवाच्य अक्षरात. तेवढी एक नोंद गाळली.

खरी वही पिशवीच्या तळाशी ठेवली. का ठेवली, माहीत नाही.

काकूंनी नवी वही उलटीपालटी केली. "ही दुकानातली न्हाई. मोटारीच्या वार्निशचा एक डाग न्हाई हिला."

मी गुपचूप खरी काढून दिली. त्यांनी ती माझ्याच हातात परत दिली आणि वाच म्हणाल्या.

बोराला हसल्या. सरबताला हसल्या. त्या पानावर मी थांबलो.

"वाच की. काय लपवायलास?"

वाचलं.

लाल, काळ्या बुचाची. अण्णा: "ही तुझ्या काकूवानी हाय. पहिल्यांदा अंगावर येती. मग सोडू वाटत न्हाई."



मी चपला कुठे काढल्यात ते बघायला लागलो.

मग काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. म्हणाल्या, दर रविवारी पेरूचा पाला चावून यायचे. "दारात शेळी आल्यावानी वास. मला कळत नव्हतं व्हय?"

मग कधी विचारलं का नाही, म्हणालो.

"हप्त्यातून एकदा माणूस गाणं म्हणत घरी येतंय. त्याला काय विचारायचं?"

आणि वर बजावलं, वर्षश्राद्धाला काही लिहिणार असशील तर हे लिही. नुसतं देवमाणूस होते असं लिहू नको.

नांदेडच्या शेवटच्या फेरीतली बाटली दुकानात तशीच बंद होती. आज सकाळी पूजा आटोपल्यावर काकू पहिल्यांदाच दुकानात येऊन बसल्या. खलीलभाईंनी बूच काढलं. मी ग्लासात थोडी ओतली.

काकू प्यायल्या नाहीत. ग्लास नुसता नाकाशी धरला.

"लिही," म्हणाल्या. "रविवारी धुवायला टाकलेला त्यांचा सदरा."

खलीलभाईंनी ग्लास घेतला, हुंगला आणि मान डोलावली.

मी लिहून घेतलं. पुढे काकूंचं नाव घातलं.

अण्णा, आम्हा तिघांचा मनापासून नमस्कार.