बिनगुळाचं खोबरं

आमच्या माहेरी साखर दुकानातून कधी आणलीच नाही. माझे वडील, आबा, कोपरगावकडच्या साखर कारखान्याचे सभासद. दिवाळी आली की सभासदांची साखर कमी भावात मिळायची आणि पोतं घरात येऊन पडायचं. आबा गेले, सभासदत्व माझ्या थोरल्या भावाकडे आलं, पण पोतं यायचं काही थांबलं नाही. पाहुण्याला फिका चहा द्यायचा तर ऊस लावायचा कशाला, असं दादा म्हणायचा. आबांचा आधी पायाचा अंगठा कापला, मग पाऊल, शेवटी नजर गेली. हे सगळं साखरेच्या दुखण्यानं झालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांच्या तेराव्याला आम्ही बुंदी केलीच.

मागच्या पावसाळ्यात गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. मी भिंगारला दिलेली, तिथून रोज फोन करून दादाला नाव नोंदवायला लावलं. आमच्याकडे रक्ततपासणी म्हणजे शाळेची परीक्षा. पठ्ठ्यानं आधीचे चार दिवस कारल्याचा रस पिऊन, भात-चहा सोडून अभ्यास केला. उपाशीपोटीची साखर छान आली आणि त्यानं त्याच दुपारी पारावर पेढे वाटले. पहिला पेढा अर्थातच स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले आणि त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शिबिरातल्या त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. गेल्या तीन महिन्यांत रक्तात साखर किती राहिली, ते त्यातून कळतं, चार दिवसांच्या कारल्यानं ते झाकलं जात नाही, असं त्या म्हणाल्या. आकडा सहाच्या जरासा वर होता. रक्तातली चरबीही वाढलेली. अजून मधुमेह नाही, पण वाट तीच आहे, आणि इथून मागं फिरता येतं.

मागं फिरता येतं, एवढंच मी धरून बसले. आबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. जखम चिघळली तेव्हा कुठे कळलं. इथे रक्त आधीच ओरडून सांगत होतं आणि माझा भाऊ डॉक्टरीणबाईंनाच विचारत होता, "दुखत तर काईच न्हाई. मग दुखनं कसलं?"

पुढचे दिवस मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. फोनवर रागावले, रडले, वहिनीला चहाचा डबा लपवायला लावला. तो शेजारी जाऊन चहा पिऊन यायचा. समोर बसला की माझी नजर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर जायची. थेट आबांसारखा, रुंद नखाचा. मला अन्न गोड लागेना.

भाऊबीजेला तो एसटीनं भिंगारला आला. हातात पिशवी, पिशवीत सभासदांची साखर. मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळलं की भावाचं तोंड गोड करायचं. ताटात मी केलेल्या करंज्या होत्या. करंजीकडे हात गेला आणि तिथेच थांबला. ज्या हातानं आबांची जखम धुतली, त्या हातानं हे त्याला भरवायचं मला जमेना. मी नुसत्या खोबऱ्याचा तुकडा उचलून पुढे केला.

"गूळ कुठंय?" त्यानं विचारलं.

"गूळ नाही, साखर नाही. माझ्या हातानं मी तुला देणार नाही."

तो हळूच म्हणाला, "सुतकाच्या घरात गोड करत न्हाईत. जित्या मानसाला सुतक लावलंस व्हय?"

खोबरं त्यानं हातात घेऊन परत ताटात ठेवलं, ओवाळणी टाकली आणि न जेवता स्टँडवर गेला. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी मी जिवाच्या आकांतानं रडले. ओवाळणीच्या ताटातलं खोबरं टाकवेना, म्हणून डबीत घालून देवापाशी ठेवलं.

संक्रांत झाली तरी त्याचा फोन नाही. मी केला तर उचलायचा नाही. माघात एका दुपारी तो आपणहून दारात उभा राहिला, हात रिकामे. मी चहाचं आधण ठेवलं.

"बिनसाखरेचा कर," तो बाहेरून म्हणाला.

हे ऐकायला मी किती आसुसले होते. पण फुकट तो हे म्हणणारा नव्हता. आधण तसंच ठेवून मी बाहेर आले.

"परत तपासलं," तो म्हणाला. "रेघ वलांडली म्हनल्या बाई. गोळी चालू झाली." मग पायाकडे बघत म्हणाला, "आबांना कुनी आदी सांगितलं असतं, तर त्यांनी तरी ऐकलं असतं का गं?"

पदर तोंडाला लावून मी उभी राहिले.

"त्या दिवशी खोबरं दिलतंस. हाय का अजून?"

मी देवापाशी ठेवलेली डबी आणून दिली. त्यानं तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिला.

"खवाट झालंय," तो म्हणाला, आणि उरलेलाही खाल्ला.